झाडीपट्टीत शेणकिड्यांच्या मागे (भाग तिसरा)

१४ जून, भंडारा
रात्री पाऊस झाला. पहाटे लॉजच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली तपकिरी भुंगेऱ्यांचा नुसता खच. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारे हे हुमणीचे भुंगेरे. झाडायला आलेल्या बाईंनी विचारलं, "काही हरपलं का जी?" म्हटलं, किडे पाहतोय. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि माझं आटोपेपर्यंत थांबल्या. संशोधनाला इतकी मदत फार कमी ठिकाणी मिळते.

एकाला भिंगाखाली धरलं. मिशीचं टोक आधी मिटलेलं होतं. मग हातातले पत्ते पसरावेत तशी त्याची पातळ पानं उलगडली. या पानांवरूनच अख्ख्या गोतावळ्याला 'लॅमेलिकॉर्निया' म्हणतात, पानांच्या शिंगांचे. जी. जे. ॲरो यांनी भारतातल्या या मंडळींवर चार खंड लिहिले. १९३१ चा तिसरा खास शेणकिड्यांचा आहे, आणि अभ्यासक तो अजून उघडतात.

१५ जून, कोका
अभयारण्य २०१३ चं. जिप्सीतले बाकी सगळे वाघासाठी आलेले. खाली उतरायची मुभा नाही, म्हणून वाटेतल्या शेणाच्या प्रत्येक पोला लांबूनच नमस्कार केला. वाघही दिसला नाही.

१६ जून, लाखनीजवळ
बांधाकडेला म्हशीचा ताजा पो. अर्धा तास उकिडवा बसलो. एक काळा किडा डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, असा उलटा चालत गोळी रेटत होता. ढेकूळ आडवं आलं. गोळी घसरली, तोही तिच्यासोबत गडगडला, उठला, पुन्हा तिथेच. चौथ्या खेपेला पार झाला.

"काऊन जी भाऊ, शेणात काय पाहून रायले?" शेतकरीकाका. शेणकिडे पाहतोय, त्यात कधी नवी जातही सापडते, असं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न नेमका होता: "नवीन जात हाय, हे कसं समजते?"

खरं म्हणजे नवी जात रानात सापडत नाही, टेबलावर सापडते. किड्याच्या उजव्या कडक पंखातून टाचणी घालायची, लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, पाठीवरचे खळगे-कंगोरे नोंदायचे, नराचं जननांग काढून तपासायचं, कारण बाहेरून जुळ्या भासणाऱ्या जाती बऱ्याचदा तिथेच वेगळ्या निघतात. मग संग्रहालयांतले जुने नमुने ताडून पाहायचे. सगळं करून वेगळा ठरला, तर एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार. ओमॉर्गस खानदेश नावाचा किडा याच रीतीने नवा ठरला: पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या अपर्णा कळवटे आणि दक्षिण आफ्रिकेचे वर्नर स्ट्रम्फर यांनी त्याचं वर्णन केलं. तो शेणकिड्यांचा भाऊबंद, पण शेणाऐवजी मढ्यावर जगणारा. माश्या सर्वांत आधी येतात, त्याचं कुळ शेवटी, केस-कातडं उरल्यावर. म्हणून मृत्यूची वेळ ठरवणाऱ्यांना त्याचा उपयोग.

काका म्हणाले, "म्हंजे आमी रोज पाह्यतो, पण नाव तुमी देता." बरोबरच आहे.

रात्री डबा उघडला. गेल्या खेपेला एका शेतात मिळालेला, डोक्यावर शिंग असलेला देखणा शेणकिडा त्यात आहे. चिठ्ठी लिहायची राहिली, आता तो कोणत्या गावचा हे मलाच आठवत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

तेव्हा वाचकहो, या पावसाळ्यात दिव्याखालचे भुंगेरे झाडण्याआधी एक फोटो काढा, आणि गाव व तारीख तेवढी लिहून ठेवा.