समुद्राकाठचे स्वस्त घर आणि त्याचे आठ हिस्से

निवृत्तीनंतर समुद्राकाठी लहानसे घर घ्यावे असे म्हटले की पहिले नाव अलिबागचे निघते. आम्ही ते पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवले. 2020 मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मुंबईची मोटार बोटीतून थेट किनाऱ्यावर उतरू लागली, आणि तिकडचे भाव शनिवार-रविवारपुरते बंगले बांधणाऱ्यांचे झाले. आमच्यातला एक बेस्टमधून निवृत्त, दुसरी उर्दू शाळेतून. मुंब्र्याची जागा मुलाच्या संसारासाठी ठेवायची आणि व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे ठरलेले होते. म्हणजे निवृत्तीची रक्कम आणि थोडे सोने. दुरुस्ती आणि नोंदणीचा खर्च धरून 18 लाख, त्यावर एक रुपया नाही.

एवढ्यात बसणारा किनारा खाली दक्षिणेला सुरू होतो. मुरुड आम्हाला आवडले. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या या जुन्या राजधानीत मोहल्ला आहे, मशीद आहे, बाजार पायी अंतरावर आहे. पण चांगल्या जागा पर्यटकांच्या खोल्यांसाठी आधीच गेलेल्या. आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघीला उतरून श्रीवर्धन पाहिले. दापोलीजवळचे हर्णे पाहिले. तिथला मासळीचा लिलाव पाहून एकाने तिथेच राहायचे ठरवले होते, पण दुसरीने अंतर मोजले आणि विषय संपला. कोकणात फिरताना मुख्य प्रश्न समुद्र किती जवळ हा नसतो. रात्री छातीत दुखले तर गाडी कुठे जाईल, माणगावचे रेल्वे स्टेशन किती दूर, आणि वैशाखात विहिरीचे पाणी गोड राहते का, हे विचारावे लागते. शेवटचा प्रश्न मालकाला विचारू नये. शेजारच्या बायकांना विचारावा.

श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे छप्पर. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच बाजूने किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले पत्त्यांसारखी उडाली. पुष्कळ घरांवर त्यानंतर पत्रे आले. छप्पर कोणते आणि वादळानंतर कोणी बसवले, हे विचारल्याशिवाय पुढे बोलू नये.

दलालांनी आम्हाला "सी-व्ह्यू प्लॉट" बरेच दाखवले. एकाने तर पायाला लाटा लागतील इतका जवळचा दाखवला. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला साधारणपणे मनाई असते. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर 50 मीटरवर आणण्याची तरतूद झाली, पण आपले गाव कशात बसते ते दलालाच्या तोंडून ठरत नाही. शिवाय बरेच प्लॉट शेतजमिनीचे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्या नावावर कुठे सातबारा नाही, म्हणून आम्ही गावठाणातले बांधलेले घरच घ्यायचे ठरवले.

आणि गावठाणात घरे आहेत. इतकी आहेत की मन उदास होते. आपल्याच लोकांची. एक भाऊ मुंबईत, एक कुवेतला, आई मुलीकडे पनवेलला. ओट्यावर पालापाचोळा आणि दाराला कुलूप. हा अंक हातात घेतलेल्या कित्येक घरांचे एखादे कुलूप कोकणात लटकत असेल.

आम्हाला पसंत पडलेले घर अशाच एका गावातले. नाव लिहीत नाही, कारण व्यवहार अजून पुरा झालेला नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, मागे विहीर. समुद्र दिसत नाही. भरतीला खाडीचे पाणी दिसते. थोरल्या भावाने 16 लाख सांगितले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. एवढ्या जागेला ते कमीच होते.

कागद मागितले तर त्याने घरपट्टीचा उतारा काढला. त्यावर दोन्ही भावांची नावे होती. पण ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद. मालकी त्याने ठरत नाही. घर त्यांच्या मरहूम वडिलांचे. आम्ही सहज विचारले, बहिणी किती?

"तीन आहेत. त्यांनी तोंडी सोडून दिलंय, भाईजान."

वडिलांच्या मागे आई, दोन मुलगे, तीन मुली. सूरह निसाच्या हिशेबाने आईचा आठवा हिस्सा. उरलेल्या सातांत प्रत्येक मुलाचे दोन, प्रत्येक मुलीचा एक. बरोबर आठ हिस्से होतात, अपूर्णांकसुद्धा उरत नाही. 16 लाखांत आईचे 2 लाख आणि तिन्ही बहिणींचे दोन-दोन. म्हणजे आठ लाख, निम्मे घर, "तोंडी" गेले होते. स्वस्ताई कुठून आली ते आम्हाला कळले.

पनवेलची बहीण आम्हाला भेटली. चहा देऊन ती म्हणाली, "मागितलं तर माहेर तुटेल, म्हणून मागितलं नाही. सोडलं असं मी कधी म्हटलं नाही."

वकिलाने सांगितले ते कोरडे होते: नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर बहिणींचा हक्क तसाच राहतो, आणि दोन भावांच्या सह्यांनी भावांचेच हिस्से विकले जातात. उद्या त्या किंवा त्यांची मुले दारात उभी राहिली तर त्यांचे म्हणणे खरेच असेल. पण वकील नसता तरी त्या चहानंतर आम्हाला दोन सह्यांवर ते घर घेता आले नसते. त्या पडवीत बसून रोज नमाजला उठायचे होते.

आम्ही भावांना सांगितले, आई धरून सहा सह्या, सहा खाती, सहा वेगळे धनादेश. थोरला चिडला. मग 19 मागितले. बहिणींना द्यायचे तर आमचे काय उरणार, असे त्याचे म्हणणे. वाईट माणूस नाही तो. वादळानंतरचे पत्रे त्याने आपल्या पैशांनी बसवले होते, ती पावती त्याने दाखवली, आणि ते त्याचे म्हणणे रास्त होते. गावच्या जमातीतले दोन बुजुर्ग मध्ये पडले. पत्र्यांचा खर्च धरून 17 वर ठरले. पत्र्यांचे पैसे बाजूला काढायचे आणि बाकीचे आठ हिश्श्यांत वाटायचे. आमच्या 18 मध्ये आता मागच्या खोलीची दुरुस्ती बसत नाही. ती पुढच्या वर्षी. खरेदीखत दुसरीच्या एकटीच्या नावे करणार, कारण बाईच्या नावे राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

वारसनोंदीचा अर्ज दिला आहे. धाकटी बहीण कुवेतला आहे. तिचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन यायचे आहे. मधल्या बहिणीने खेडहून फोन करून विचारले, धनादेशावर तिचेच नाव असेल ना, नवऱ्याचे नको. आम्ही नावाचे स्पेलिंग लिहून घेतले.