कॉट बेसिसवरचा ताप

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली तेव्हा घरमालकीण आज्जींनी भाड्यात काय काय येतं ते बोटांवर मोजून सांगितलं होतं. लोखंडी कॉट, गादी, अर्धं कपाट, सकाळी सातपर्यंत गिझर. इस्त्री चालणार नाही, पाणी तापवायची कॉइल तर मुळीच नाही, पाहुणी रात्री राहणार नाही. आजारी पडल्यावर काय करायचं, याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. अंबाजोगाईला मी कितीतरी वेळा आजारी पडले होते, पण ते आजारपण आई चालवायची. मी नुसती पडून असायचे. गोळी कुठून यायची, दुसरी कधी द्यायची हे कोण लक्षात ठेवायचं, भात मऊ का असायचा, यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

ऑगस्ट सरत आला होता. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव जोरात होते आणि मी आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत बसले होते. चारपर्यंत ठणठणीत होते. पाचच्या सुमारास एसीची थंडी अचानक हाडात शिरली, डोळ्यांमागे ठणका सुरू झाला, अंग मोडून आलं. साधी सर्दी दोन दिवस नाक चोंदवत, घसा खवखवत हळूहळू येते. हे तसं नव्हतं. जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं.

खोलीत आम्ही चौघी. कॉट बेसिसवर मुलींना नावापेक्षा गावाने ओळखतात, त्यामुळे एक सोलापूर, एक नांदेड, एक चिपळूण आणि मी. मला पाहताच सोलापूरने कप्प्यातून अर्धी स्ट्रिप काढली. ‘‘अगं, अझिथ्रोमायसीन आहे, मागच्या वेळची उरलीय. घेऊन टाक, सकाळी टुणटुणीत.’’ चिपळूणचं म्हणणं, वाफ घे. पण कॉइलला बंदी, मग वाफ कशाची घ्यायची? मेसच्या काकूंनी निरोप धाडला, ताक बंद. आईने फोनवर विचारलं, ‘‘ताप किती आहे?’’

‘‘खूप आहे.’’

‘‘खूप म्हणजे किती?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी ताप आईच्या तळव्याला कळायचा.

थर्मामीटर आणायला चिपळूणला घेऊन मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाल्याने मान वर न करता विचारलं, ‘‘ताप-सर्दी-अंगदुखी ना? दोन दिवसांचा सेट करून देऊ?’’ आणि कात्रीने चार रंगांच्या गोळ्या कापून कागदी पाकिटात टाकल्याही. थर्मामीटरवर 102.6 आलं. आकडा दिसल्यावर मी जास्त घाबरले, आई मात्र फोनवर एकदम शांत झाली. ‘‘उद्या सकाळी डॉक्टरकडे जा, आणि काय म्हणतात ते लिहून घे,’’ म्हणाली.

आज्जी रात्री वर आल्या त्या कापूर-वेलचीची पुरचुंडी घेऊन. 2009 साली सगळं पुणं ती हुंगत होतं, म्हणाल्या. त्या वर्षी 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी याच शहरात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. मग शाळा-कॉलेजं बंद, नायडू रुग्णालयापुढे तपासणीच्या रांगा, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. आज्जींना ते कालच घडल्यासारखं आठवत होतं, त्यामुळे ‘फ्लू’ हा शब्द त्या कुजबुजतच उच्चारत होत्या. पुरचुंडी मी उशीखाली ठेवली. तिने विषाणू अडत नाही, पण आज्जींना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी ते पाकीट हातात घेतलं. मी त्यातली एकही गोळी खाल्ली नव्हती, कारण कुठली कशाची हेच कळेना. त्यांनी दोन गोळ्या बाजूला काढल्या. ‘‘ही तापाची, पॅरासिटामॉल. ही सर्दीची, हिच्यातही पॅरासिटामॉलच. दोन्ही एकदम घेतल्या असत्यास तर डोस वाढून बसला असता.’’ अंगदुखीची तिसरी गोळी आयब्युप्रोफेनची. पुण्यात पावसाळ्यात येणारा ताप डेंगीचाही असू शकतो आणि डेंगीत असल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तो नाही हे ठरेपर्यंत ती नको, अ‍ॅस्पिरिनही नको. अझिथ्रोमायसीन जिवाणूंसाठी असतं. फ्लू विषाणूचा, त्याच्यावर ते काहीच करत नाही. म्हणजे सोलापूरची स्ट्रिप आणि मेडिकलवाल्याचा सेट मिळून माझ्या उपयोगाची एकच गोळी निघाली. तीही दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर ठेवून.

मग मॅडमनी गट सांगितले. सरकारी नियमावलीत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी आणि बाकी प्रकृती धडधाकट असेल तर अ: तपासणी नाही, खास औषध नाही, घरी विश्रांती आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवणं. ताप जास्त आणि घसा फार धरलेला, किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण असं काही असेल तर ब: यात ऑसेल्टामिवीर देतात. हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. धाप, छातीत दुखणं, गुंगी, ओठ-नखं निळसर, थुंकीत रक्त यांतलं काही दिसलं की क: सरळ दवाखान्यात भरती. घसा पाहून त्यांनी मला अ गटात टाकलं. कॉलेजच्या प्रवेशयादीत पहिल्या फेरीत नाव लागल्यावरही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं.

‘‘खोलीत किती जणी? कोणाला दमा?’’

नांदेडला होता. तिच्या उशाशी पंप असतो, पण तो तिचा खासगी मामला म्हणून आम्ही कधी विचारलं नव्हतं. ‘‘तिला ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी घेऊन ये,’’ मॅडम म्हणाल्या. माझ्या तापापेक्षा या वाक्याने मी जास्त हादरले.

कारण विलगीकरण वगैरे पुस्तकात ठीक आहे. आमच्या खोलीत कॉटमधून हात लांब केला की शेजारणीच्या पांघरुणाला लागतो. शिवाय फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवायला लागतो आणि पुढे पाच-सात दिवस पसरवतो, म्हणजे माझ्याकडून जायचं ते बरंचसं गेलंच असणार. तरी जमेल ते केलं. माझी कॉट खिडकीला लावली. खिडकी दिवसभर उघडी, त्यामुळे पथकाचा ढोल थेट डोक्यात. मास्क, वेगळा टॉवेल, वेगळा तांब्या. मी ज्या कडीला, नळाला हात लावीन ते सोलापूर साबणाच्या पाण्याने पुसायची आणि वर मलाच शिव्या घालायची. नांदेडला आज्जींनी खाली आपल्या हॉलमध्ये झोपवलं, ‘नियम नियमाच्या जागी’ असं पुटपुटत. तिला ताप आला नाही. आला तो सोलापूरला, आणि तेव्हा पुसायची पाळी माझी होती.

वहीत मी रकाने पाडले: वेळ, ताप, गोळी, पाणी. रोज संध्याकाळी पानाचा फोटो आईला. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात थोडी पूड टाकून भागत नाही, हेही तिथेच लिहिलेलं. काकू डब्यात मऊ भात आणि थर्मासमध्ये गरम पाणी पाठवायच्या. आईला मी येऊ नको म्हटलं, तर तिने ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर मेतकूट पाठवलं. ते घ्यायला स्वारगेटला चिपळूण गेली आणि परत येईपर्यंत अर्धं तिनेच चाखलं. आजारपण चालवायला किती माणसं लागतात, हे मला त्या वहीत दिसलं.

ताप उतरला, पण जिना चढताना मध्ये थांबावं लागे आणि खोकला पुढे बरेच दिवस पुरला. बाहेर पडायचा नियम मॅडमनी सोपा सांगितला होता: पॅरासिटामॉल न घेता पूर्ण 24 तास ताप नसला पाहिजे. कॉलेजच्या खिडकीवर मात्र वेगळं शास्त्र होतं. 75 टक्के हजेरी, प्रॅक्टिकल बुडलं की टर्मवर्कचे मार्क गेले, आणि सर्टिफिकेटवर तारखा ‘नीट’ हव्यात. वर्गात निम्मी मुलं गोळी खाऊन, ताप दाबून बसलेली दिसली. माझं मत विचाराल तर पेठांमध्ये फ्लू गणपतीच्या गर्दीपेक्षा या हजेरीपटाने जास्त पसरत असेल.

लशीचंही विचारून ठेवलं. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दर वर्षी नवी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते आणि लशीचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. दीड-दोन हजार रुपये लागतात, ते विद्यार्थ्याच्या खिशाला सहज पेलणारे नाहीत. दमा असलेल्या नांदेडने मात्र ती घ्यावीच, असं मॅडमनी बजावलं. तिने घरी सांगितलंय.

आणि अभ्यासिका चालवणाऱ्या दादा-ताईंना एक विनंती. भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच थंड करून फिरवत राहतो. तीस-चाळीस मुलं दिवसभर एकमेकांच्या श्वासात बसतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तरी एसी बंद करून सगळ्या खिडक्या उघडा, हात धुवायच्या जागी साबण ठेवा, आणि ताप आलेल्या मुलाने सुट्टी घेतली तर त्याची जागा दुसऱ्याला देऊ नका. जागा जाईल या भीतीनेच तो तापात येऊन बसतो.