मालकाच्या मोज्यातलं स्वातंत्र्य आम्हाला नको

पुणे करार झालाच नसता तर? आपली चार माणसं एकत्र बसली आणि रात्र वाढली की हा प्रश्न निघतोच. ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झालेले स्वतंत्र मतदारसंघ टिकले असते, तर राखीव जागेवरून निवडून आलेला आमदार आज कोणाला घाबरला असता? मग कोणीतरी म्हणतं, जाऊ द्या, इतिहासात जर-तरला अर्थ नसतो. मला हे पटत नाही. माणूस जर-तर करताना कोणत्या गाठीपाशी थांबतो, यावरून त्याला इतिहास कुठे दुखतो ते कळतं.

गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी दुपारी विहारामागच्या अभ्यासिकेत आम्ही सहाजण असाच एक जर-तर खेळतो. फरक इतकाच की आमची गाठ येरवड्याच्या तुरुंगात नाही, हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स शाळेत आहे. या खेळाला रोलप्ले म्हणतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे, अडलं तर फासे टाकायचे. एकजण प्रसंग सांगतो आणि नियम सांभाळतो. त्याला गेम मास्टर म्हणायची पद्धत आहे. 'मास्टर' हा शब्द आमच्यात कोणालाच चालेना, म्हणून आम्ही सूत्रधार म्हणतो. तो मी.

हे कळल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला फोनवर चांगलंच झापलं. "पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि तुम्ही जादूच्या छड्या फिरवत बसलात? आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारी माणसं." त्यांचा राग खोटा नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी आम्ही त्याच अभ्यासिकेत त्याच पोरांबरोबर बसतो, हे त्यांनाही माहीत आहे. तरी त्यांचा प्रश्न उरतोच: हे कशासाठी?

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जादूगारांच्या या जगात एल्फ नावाची एक जमात आहे. ते पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याची चाकरी करतात. पगार नाही, रजा नाही. अंगावर उशीचा अभ्रा नाहीतर चहाचं फडकं. चूक झाली की स्वतःच स्वतःला शिक्षा करायची, डॉबी नावाचा एल्फ तर स्वतःचे हात इस्त्रीने भाजून घेतो. मालकाने कपडा दिला तरच सुटका. हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात असे शंभरावर एल्फ राबतात, आणि त्या शाळेचा हजारावर पानांचा इतिहास आहे, त्यात त्यांचा उल्लेख नाही. हे हर्मायनीच्या लक्षात येतं आणि ती संतापते. आपल्यापैकी कोणीही संतापेल.

शिवाय एक कायदा आहे. जादूगार सोडून इतर कोणत्याही जमातीने छडी बाळगायची नाही. महारांची लष्करभरती १८९० च्या दशकात बंद झाली आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत बंदुकीसाठी किती अर्जविनंत्या कराव्या लागल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा कायदा समजावून सांगावा लागत नाही.

या जगात पर्यायी इतिहास रचणारे पुष्कळ आहेत. त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. २ मे १९९८ च्या लढाईत वोल्डेमॉर्ट जिंकला असता तर? हॅरी स्लिदरिनमध्ये गेला असता तर? मीही कॉलेजात हेच खेळलो आहे, आणि दर वेळी खानदानी जादूगार झालो आहे. सहा पिढ्यांचं घराणं, वाडा, तळघर, सगळं. माझ्या त्या वाड्यात स्वयंपाक कोण करतं, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. या सगळ्या जर-तरमध्ये तख्तावरचा माणूस बदलतो, चुलीपुढचा तोच राहतो. खुद्द मूळ कथेतही तेच आहे. वोल्डेमॉर्ट मेला, जग वाचलं, आणि लढाईच्या शेवटी दमलेल्या हॅरीच्या मनात येतं की क्रीचर आपल्याला सँडविच आणून देईल का. क्रीचर म्हणजे त्याचा एल्फ, जो थोड्याच वेळापूर्वी त्याच लढाईत लढला होता.

म्हणून आम्ही गाठ बदलली. डिसेंबर १९९४, हॉगवर्ट्सचं स्वयंपाकघर. पुस्तकात हर्मायनी इथे येते, एल्फना पगार आणि हक्क यांबद्दल सांगते, आणि नंतरच्या एका भेटीत एल्फ तिला जवळजवळ ढकलून बाहेर काढतात. तिने एल्फांच्या कल्याणासाठी संघटना काढलेली असते. अध्यक्ष ती, खजिनदार रॉन, सचिव हॅरी, बिल्ल्याची वर्गणी दोन सिकल. तिच्यात एल्फ एकही नाही. आमच्या खेळात एक म्हातारा एल्फ तिला बाहेर काढायच्या आधी एवढंच विचारतो, "पोरी, तुझ्या कमिटीत आमचं नाव कुठंय?" बस्स. इतिहास इथून फुटतो.

हरिजन सेवक संघ आठवला ना? पुणे करारानंतर काही दिवसांतच निघाला. अध्यक्ष बिर्ला, सचिव ठक्कर. अस्पृश्यांच्या हाती कारभार का नाही, तर म्हणे हे सवर्णांनी करायचं प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभारही त्यांच्याच हाती. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या संघाची चिरफाड केली आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. पण इथे थांबलं तर आपण आपल्यालाच फसवू. बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष चिमणलाल सेटलवाड होते. महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी मांडला, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. म्हणजे सवर्ण माणूस खोलीत आहे की नाही एवढ्यावरच निकाल लागत नाही. विषयपत्रिका कोण ठरवतं, हे पाहावं लागतं. आमच्यात हर्मायनी करणारा मित्र सवर्ण घरातला आहे, दहा वर्षं चळवळीत बरोबर आहे. एल्फांच्या पहिल्या सभेत त्याला मागे बसायला सांगितलं आणि न विचारता बोलायचं नाही असं ठरलं. खेळच तो. तरी संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तिथे बसणं जड गेलं रे." मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी तो वेळेआधी आला आणि मागेच बसला.

आता एक आक्षेप, जो फोनवरच्या त्या ज्येष्ठांनीही घेतला. आपण काय एल्फ आहोत? माणसांची तुलना परीकथेतल्या प्राण्यांशी का करता? रास्त आक्षेप आहे. या पुस्तकांत एल्फना चाकरी मनापासून आवडते, असं रॉन, हॅग्रिड, सगळे म्हणतात, आणि लेखिकेनेही कथा अशी बेतली आहे की त्यांचं म्हणणं खरं वाटावं. पण "ते त्यांच्या स्वभावातच आहे" हे वाक्य आपण आणखी कुठे ऐकलंय? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की मालकाने मुक्त केलं तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याला जन्मजात आहे. एल्फ आपल्यासारखे आहेत असं मी म्हणत नाही. एल्फांबद्दल बोलणाऱ्यांची भाषा आपल्या ओळखीची आहे, एवढंच म्हणतो.

आणि तरीही "त्यांना आवडतं" हे मला इतक्या सहज फेकून देता येत नाही. कारण माझे पणजोबा.

पणजोबा गावचे येसकर. घुंगुरकाठी घेऊन पाटलाच्या पुढे चालायचे, सांगावे न्यायचे, मयताची खबर पायी परगावी पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायचे, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायचे. आजी सांगायची की म्हाताऱ्याला त्या काठीचा फार अभिमान. बिदरच्या बादशहाने दिलेले बावन्न हक्क तो बोटांवर मोजून दाखवायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा वतनाला बेडी म्हटलेलं अनेकांना रुचलं नव्हतं. पणजोबा त्यांतले. १९५६ ला आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ती काठी चुलीत घातली. पणजोबा दोन दिवस जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुस्तकात विंकी नावाची एल्फ आहे. मालक तिला कपडे देऊन हाकलून लावतो, म्हणजे कायद्याने ती मुक्त होते. ती मात्र हॉगवर्ट्सच्या चुलीपाशी दारू पीत रडत बसते. आमच्यात विंकी माझी भाची करते. मी तिला पणजोबांची गोष्ट सांगितली, तर तिने सरळ विचारलं, "मामा, मग आजोबांनी तरी पणजोबांना कुठे विचारलं होतं?"

दोन आठवडे मला याचं उत्तर सापडलं नाही. पाचव्या पुस्तकात हर्मायनी लोकरीच्या टोप्या विणून कचऱ्याखाली लपवून ठेवते, एल्फांनी त्या नकळत उचलाव्यात आणि मुक्त व्हावं म्हणून. फसवून दिलेलं स्वातंत्र्य. काठी जाळणं वेगळं कसं? आता मला वाटतं, वेगळं आहे ते असं: काठी जळाल्यावर भाकरी बंद झाली ती आजोबांचीही. गावाने पिठाची गिरणी बंद केली ती आमच्या सगळ्या वस्तीला. हर्मायनीची टोपी कोणी उचलली असती तरी तिचं स्वतःचं जेवण वेळेवरच आलं असतं. भाचीला हे निम्मंच पटलं. "पण पणजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्याचं काय?" त्याचं माझ्याकडे खरंच काही नाही. म्हणूनच आमच्या खेळात विंकीचा आवाज कोणी दाबत नाही. एल्फांच्या सभेत पहिला ठराव पगाराचा आलाच नाही, कोणीही स्वतःला शिक्षा करायची नाही असा आला. विंकीने त्याला विरोध केला. दोन रविवार त्यावरच गेले.

मग कपड्यांचा प्रसंग आला आणि माझीच पंचाईत झाली. एल्फांनी ठरवलं, चहाची फडकी उसवून आपले कपडे आपण शिवायचे. मी सूत्रधार म्हणून नियम सांगितला: कपडा मालकाने दिला पाहिजे, नाहीतर मुक्ती नाही. डॉबीलासुद्धा मालकाच्या हातून उडालेला मोजाच झेलावा लागला. यावर म्हातारा एल्फ करणारा पोरगा, बारावीला आहे, म्हणाला, "नियम कोणी लिहिला?" मी म्हटलं, या जगाचा नियम आहे. तो म्हणाला, "तेच विचारतोय." डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका असं सांगितलं आणि त्यांनी ते बदललं. त्यासाठी कोणा मालकाच्या मोज्याची वाट पाहिली नाही. हे मी दरवर्षी भाषणात सांगतो, आणि अभ्यासिकेत मीच मोज्याचा नियम वाचून दाखवत होतो! नियम मागे घेतला.

एक लक्षात घ्या, या एल्फांकडे ताकद नाही असं अजिबात नाही. मोजा मिळताच डॉबी आपल्या आधीच्या मालकाला एका झटक्यात जिन्यावरून खाली फेकतो. वोल्डेमॉर्टच्या ज्या गुहेतून जादूगार सुटू शकत नाही तिथून क्रीचर सहज निघून येतो, कारण एल्फाच्या जादूची दखल घ्यावी असं वोल्डेमॉर्टला कधी वाटलंच नाही. आणि हाच डॉबी, डंबलडोरने आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ केली, तर घासाघीस करून एक गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी यावर येतो. हा उतार कुठून आला, याच्यावर आमच्या पोरांनी जी चर्चा केली ती मी अनेक शिबिरांत ऐकलेली नाही.

ज्येष्ठांना मी गुलामगिरीची आठवण करून दिली. १८७३ साली जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादातून महात्मा फुल्यांनी काय केलं? ठरलेल्या, हजारो वर्षं चाललेल्या दशावताराच्या जगात शिरले आणि बळीच्या बाजूने उभे राहून सगळी कथा उलटी सांगितली. पात्रं घेऊन बोलणं, दुसऱ्यांच्या पुराणात आपला प्रश्न घुसवणं, हे आपल्याला नवं नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनीही तमाशाचाच साचा घेऊन त्यात आपलं भरलं. ते ऐकून घेत म्हणाले, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही, पण फोन ठेवला नव्हता त्यांनी.

पुढच्या रविवारी ख्रिसमसच्या मेजवानीचा प्रसंग आहे. वरच्या सभागृहात टेबलं मांडलेली आहेत, ताटं रिकामी आहेत, आणि ती भरायची की नाही याचा निर्णय खाली स्वयंपाकघरात व्हायचा आहे. विंकी सभेला आली होती, पण दाराशीच उभी राहिली. शंभर एल्फांचा कौल फासे टाकून ठरवायचा की एकेकाचं नाव घेऊन मत विचारायचं, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. नावं घ्यायची तर आधी शंभर नावं ठेवावी लागतील. भाचीने वही आणली आहे, एकतीस झाली आहेत.