पुसणे आणि पालटणे

कोरपन्यासारख्या कापसाच्या गावी राहणाऱ्या माणसाला गोल्फची उठाठेव कशाला? पण पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने विचारले, "मामा, खेळ चालू असताना काठीला लागलेला चिखल पुसला, तर साहित्याचा नियम मोडतो का हो?" आणि मी त्या प्रश्नात गुंतलो.

नियमाचे उत्तर सरळ आहे. जास्तीत जास्त 14 काठ्या बरोबर न्याव्यात. फेरी सुरू झाल्यावर त्यांचे गुण मुद्दाम पालटू नयेत, डोक्याला काही माखू नये. पुसावे मात्र खुशाल! लोखंडी काठीच्या तोंडावर बारीक खाचा असतात. त्यांत ओले गवत बसले की चेंडूला फिरकी नीट मिळत नाही. त्या ब्रशाने मोकळ्या कराव्यात. पण त्याच खाचा कानशीने खोल करून फटका मारला, तर खेळाडू स्पर्धेतूनच बाद!

आमच्या काळ्या जमिनीत वाफसा येण्याआधी डवरा घातला, तर चार पावलांत पास मातीने भरते. गडी बैल थांबवतो आणि काडीने माती खरवडतो. वाटल्यास दुपारी लोहाराकडे जाऊन पासेला धारही लावून आणतो. त्याला कोण अडवणार? तणाशी त्याने कसला करार केलेला नसतो. खेळाडूने मात्र केलेला असतो: ज्या हत्याराने सुरुवात केली, त्याच हत्याराने शेवट करीन. पुसण्याने तो शब्द पाळला जातो, कानशीने मोडतो.

हा शब्द राखायला गोल्फमध्ये बहुधा पंच शेजारी नसतो. 1925 साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू किंचित हलला. इतर कोणी पाहिले नव्हते. त्याने आपणहून एक फटका वाढवून घेतला. पुढे विली मॅकफर्लेनशी बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत जोन्स हरला. तो एक फटका त्याने गिळला असता तर? तर ती स्पर्धा त्याची झाली असती, पण त्याच्या मनाला ते ठाऊक राहिले असते.

दिवाळीत आपण सारे पुसायलाच बसतो. जळमटे काढतो, समई घासतो, आणि लक्ष्मीपूजनाला हिशेबाची वही पाटावर ठेवतो. त्या वहीवरची धूळ जरूर झटकावी. आतले आकडे मात्र जसेच्या तसे राहू द्यावेत!