किती वेळा?

लग्न होऊन वर्ष उलटलं तरी आमच्यात शरीरसंबंध होऊ शकला नव्हता. नवऱ्याने जवळ घेतलं की माझ्या मांड्या आपोआप आवळल्या जायच्या, श्वास अडकायचा. पुढे काही करू गेलं तर अशी कळ उठायची की तोच घाबरून बाजूला व्हायचा. माझं त्याच्यावर प्रेम होतं, लग्न माझ्या पसंतीने झालं होतं. वसईतल्या आमच्या गावात मात्र लग्नानंतर चार महिन्यांत बायका पोटाकडे बघायला लागतात. मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कुणीतरी विचारायचंच, "काय गं, काही विशेष?" मी हसून वेळ मारून न्यायची.

शेवटी दादरच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांना मला तपासताच आलं नाही. मग त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, याला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्यापाशी बोट आणलं की पापणी मिटते, तसे योनीभोवतीचे स्नायू तुला न विचारता आकसतात. पुढे हेही म्हणाल्या की कुणाला आधी इजा झालेली असते, कुणाला जंतुसंसर्ग, कुणावर अत्याचार झालेला असतो, आणि कित्येकींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. "तुला लहानपणी या अवयवाबद्दल कुणी काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, काहीच नाही.

विरार लोकलमध्ये उभ्याने परत येताना लक्षात आलं, सांगितलं तर पुष्कळ होतं. फक्त त्या अवयवाचं नाव घेतलं नव्हतं.

रविवारच्या मिस्सेनंतर आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. 6 जुलैला संत मारिया गोरेट्टीचा सण. त्या आठवड्यात मुलग्यांना बाहेर खेळायला सोडून सिस्टर फक्त मुलींना तिची गोष्ट सांगायच्या. इटलीतल्या एका गरीब शेतमजुराची ही मुलगी, अवघी अकरा वर्षांची. त्याच घरात दुसऱ्या भागात राहणाऱ्या वीस वर्षांच्या अलेस्सांद्रोने 5 जुलै 1902 रोजी तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला. ती हे पाप आहे म्हणून विरोध करत राहिली, तेव्हा त्याने तिला चौदा वेळा भोसकलं. दुसऱ्या दिवशी ती गेली, जाण्यापूर्वी त्याला क्षमा करून. 1950 साली बाराव्या पायस पोपनी तिला संतपद दिलं, तेव्हा तिची म्हातारी आई त्या सोहळ्याला हजर होती. सिस्टर हे सांगताना रडायच्या, आम्हीही रडायचो. मग त्या विचारायच्या, "तुम्ही काय केलं असतं?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो, "मेलो असतो, सिस्टर."

त्या पोरीच्या धैर्याबद्दल मला आजही शंका नाही. मलेरियाच्या दलदलीत बाप गेलेला, आई दिवसभर शेतावर, ही घर आणि धाकटी भावंडं सांभाळणारी. पण ज्या मुलीवर हात पडला आणि जी जिवंत राहिली, तिची जागा कुठे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. वर्गात अशी एक मुलगी बसलेली होती. हे मला फार पुढे कळलं.

प्रायश्चित्त संस्काराआधी, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली देण्याआधी, वाचायला आम्हाला एक छापील पत्रक मिळायचं. दहा आज्ञांखाली प्रश्नच प्रश्न. सहावी आज्ञा आली की पोटात गोळा यायचा: अशुद्ध विचार, अशुद्ध दृष्टी, अशुद्ध बोलणं, अशुद्ध कृत्य, एकटीने की दुसऱ्यासोबत? पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा माझी पाळीही सुरू झाली नव्हती. एकटीने म्हणजे काय, हे शोधण्यातच माझे काही महिने गेले. म्हणजे पापाची माहितीही त्या पत्रकानेच दिली! एवढं करून जाळीपलीकडून फादर विचारायचे, "किती वेळा?" तो प्रश्न त्यांच्या मनचा नव्हता. 1551 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवून दिलंय की गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या, दोन्ही सांगावं लागतं. मी भीतीपोटी नेहमी जास्तच आकडा सांगायची, कमी सांगितला तर खोटं बोलल्याचं आणखी एक पाप लागेल म्हणून.

आता त्या मुलीबद्दल. ती माझी मैत्रीण. आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या असताना, तिच्या घरामागच्या केळीच्या वाडीत बसून तिने मला सांगितलं की आठवीत असताना तिच्याच घरातला एक वयाने मोठा नातेवाईक तिला हात लावायचा. आईला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून नाताळाच्या आधी तिने ते प्रायश्चित्तात सांगितलं, आणि सांगितलं ते स्वतःचं पाप म्हणून. पत्रकात दोनच रकाने होते, एकटीने किंवा दुसऱ्यासोबत. तिने दुसरा निवडला. पलीकडून विचारणा झाली, किती वेळा? तिने आकडा सांगितला. तिला पाच वेळा नमो मरिया म्हणायला सांगितलं गेलं आणि अशी संधी टाळत जा, असंही बजावलं गेलं. त्या फादरांना बहुधा कळलंच नसेल की समोर तेरा वर्षांची मुलगी गुन्ह्याची तक्रार करते आहे. तिलाही कळलं नव्हतं. तो माणूस त्याच रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तिच्या पुढे उभा होता.

गंमत अशी, की जिवंत राहिलेल्या मुलीची जागा कुठे, या प्रश्नाचं उत्तर आमच्या चर्चकडे सोळाशे वर्षांपूर्वीच तयार होतं. 410 साली रोम लुटलं गेलं, अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यात जीव न देता जगलेल्या ख्रिस्ती स्त्रियांना लोक नावं ठेवू लागले. तेव्हा संत ऑगस्टीनने 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात लिहिलं की शुद्धता इच्छेत असते; दुसऱ्याने बळाने जे केलं त्याचा डाग त्या स्त्रीला लागत नाही. अत्याचारानंतर जीव देणाऱ्या रोमन ल्युक्रेशियाचं जे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं, त्यालाही त्याने हरकत घेतली. हाच ऑगस्टीन कामवासनेबद्दल किती कडू लिहून गेलाय ते मला माहीत आहे, आणि त्याचं कडू तेवढं आमच्यापर्यंत व्यवस्थित पोहोचलं. हे पान मात्र कुणी वर्गात उघडलं नाही.

शेजारच्या हिंदू मुली पाळीत बाजूला बसायच्या, तेव्हा आम्हाला मोठी फुशारकी वाटायची की आमच्यात विटाळ नाही. आजीने ती एकदा उतरवली. तिच्या काळी बाळंतपणानंतर चाळीस दिवस बाई चर्चमध्ये जात नसे. मग पेटती मेणबत्ती घेऊन दारात गुडघे टेकायचे, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडायचे आणि आपल्या गळ्यातल्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात देऊन तिला आत न्यायचे. कागदावर तो आभाराचा विधी होता. आजी म्हणायची, "आभार मानायला दारात कशाला थांबायचं गं?" दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते बंद झालं.

लग्नाआधीचं शिबिर आम्ही दोघांनी केलं होतं. एका डॉक्टर जोडप्याने थर्मामीटर आणि तक्ता दाखवून नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवलं, कारण 1968 च्या 'हुमाने व्हिते' या पोपच्या परिपत्रकाने बाकीची साधनं निषिद्ध ठरवली आहेत. गर्भ कधी राहतो, कधी राहत नाही, सगळं कळलं. दुखलं तर काय करायचं, सुख वाटलं तर काय करायचं, यावर अवाक्षर नाही. मुली हसत होत्या, मुलगे खाली बघत होते.

आणि मग सासरच्या एका जाणत्या नातेवाईकाने माझ्या नवऱ्याला हळूच सुचवलं की असा विवाह पोपकडे अर्ज करून रद्द होऊ शकतो. ते खरं आहे. शरीरसंबंधाने पूर्ण न झालेलं लग्न पोप विसर्जित करू शकतात; चर्चच्या कायद्यातलं 1142 वं कलम. मला त्या रात्री संतापापेक्षा हसू जास्त आलं. ज्या गोष्टीबद्दल आजवर एकाही व्यासपीठावरून नीट बोललं गेलं नव्हतं, तिच्यासाठी रोममध्ये कार्यपद्धती तयार होती. नवरा म्हणाला, "आपण आधी दादरला जाऊ."

उपचार लांबला. डॉक्टरबाईंनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. श्वासाचे व्यायाम, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला शिकणं, मग लहानापासून मोठ्यापर्यंतचे डायलेटर. त्या आधी आरसा. स्वतःला आरशात बघ, एवढाच पहिला गृहपाठ होता आणि तोच सगळ्यात अवघड गेला. मी आधी भिंतीवरचं येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र उतरवून कपाटात ठेवलं. फिजिओबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी राहू दे. ते जमायला आणखी वेळ लागला. पुढे दोन मुलं झाली. पण आपलं शरीर आपलं वाटणं ही गोष्ट बाळंतपणांच्याही नंतरची.

2018 साली केरळमधल्या एका ननने एका बिशपांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. 2014 ते 2016 या काळात आपल्यावर तेरा वेळा बलात्कार झाला, असं तिचं म्हणणं. तिच्या सोबतच्या पाच नन सप्टेंबरात कोचीला भर रस्त्यात धरणं धरून बसल्या. टीव्हीवर ते दृश्य बघून मी हरखून गेले. त्या वेशातल्या बाया हातात फलक धरून न्याय मागताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. चर्चच्या आवारात मात्र वेगळीच चर्चा चालली होती. "तेरा वेळा? मग पहिल्याच वेळी का नाही ओरडली?" केरळच्या एका आमदाराने तर जाहीरपणे विचारलं की बारा वेळा सुख आणि तेराव्या वेळी बलात्कार, असं कसं. जानेवारी 2022 मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष सोडलं. निकालावर मी काही बोलणार नाही, मी पुरावे वाचलेले नाहीत. पण आवारात जे विचारलं जात होतं ते पुराव्याबद्दल नव्हतंच. जिवंत राहिलीस याचा आधी जाब दे, असं ते विचारणं होतं. आठवीच्या वर्गात आम्ही एका सुरात दिलेलं उत्तर चाळीस वर्षांनी मोठ्या बायकांच्या तोंडून बाहेर पडत होतं.

सध्या आठवीचा धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे आहे. गोरेट्टीची गोष्ट मी सांगते. पण ती वाचली असती तरी तेवढीच पवित्र राहिली असती, हे आधी सांगते, आणि मुलग्यांना बाहेर सोडत नाही. पत्रकातला सहाव्या आज्ञेचा भाग वाचायच्या आधी फळ्यावर लिहिते: दुसऱ्याने तुझ्यावर जे केलं ते तुझ्या यादीत नाही, ते जाळीपलीकडे सांगू नकोस, घरी किंवा मला सांग. एका आईने फादरांकडे तक्रार केली. फादरांनी मला बोलावून ऐकून घेतलं आणि म्हणाले, शिकवा, पण आधी पालकांची सभा घ्या.

सभेला वडील थोडे, आया बऱ्याच. मी 2012 च्या पॉक्सो कायद्याचं सांगितलं: अठराच्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले, "टीचर, ते ठीक आहे, पण पोरीचं नाव खराब होईल त्याचं काय?" मी म्हटलं, तिचं नाव, पत्ता, शाळा छापायला बंदी आहे, जबाब तिच्या घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि तीही गणवेशात येत नाही. ते म्हणाले, "पेपरचं नाही हो, आवारातलं बोलतोय मी." त्यावर पुढच्या रांगेतल्या बायका त्यांच्याकडे वळल्या, आणि सभा ठरल्यापेक्षा बरीच लांबली.