विस्थापन शून्य!

‘मावशी, वेग शून्य कसा येईल? माणूस तर धावतोय!’ नववीतल्या भाचीने वही माझ्यासमोर आपटली. आता मी पडले मास कॉमवाली, फिजिक्सशी माझा काडीमोड दहावीनंतर लगेच झालेला. पण मावशीची इज्जत राखायची होती. मदतीला घेतली आपली लोकल.

ठाणे ते सीएसएमटी, रुळांवरून अंतर 34 किलोमीटर. फास्ट गाडीला पाऊण तास धरा. अंतर भागिले वेळ, म्हणजे सरासरी चाल ताशी साधारण 45 किलोमीटर. सरासरी वेगाला मात्र रुळांची वळणं, मधली स्टेशनं काही काही दिसत नाही. त्याला कळतं फक्त विस्थापन. निघालो तिथून पोचलो तिथवरची सरळ रेघ आणि तिची दिशा, बस्स. ही रेघ भरते जेमतेम 31 किलोमीटर. म्हणून वेग ताशी 41च्या आसपास, नैऋत्येकडे. संध्याकाळी परत ठाण्याला उतरलात की चाल तीच 45, पण विस्थापन शून्य. सबब वेगही शून्य!

भाचीचे डोळे चमकले. मला चेव आला. ‘आता आजोबांचं घे. वर्षाचे 280 दिवस, रोज 68 किलोमीटर, 31 वर्षं.’ मोबाइलवर उत्तर आलं 5,90,240. म्हणजे चंद्रावर पोचून परतीची अर्धी वाटसुद्धा पार! ‘आणि सरासरी वेग?’ ‘झीरो!’ आम्ही दोघी फिदीफिदी हसलो.

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही.

माझं हसू तिथंच अडकलं. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा मी त्यांना हेच सुनावलं होतं. ‘तुमच्यासारखं रोज जाऊन-येऊन तिथल्या तिथे राहायचं नाहीये मला.’ फक्त तेव्हा मध्ये फिजिक्स नव्हतं.

‘नुसतं सकाळच्या गाडीचं मोज की,’ बाबा पेपरमागूनच म्हणाले. ‘शून्य येतं का बघ.’

नव्हतंच येत. किती वेळेचा हिशोब धरायचा, ते मीच ठरवलं होतं.

‘आणि संध्याकाळी घरी पोचायलाच तर धावत गाडी पकडायचो. तुझे पाढे कोण घेणार होतं?’

मी गप्प. बाबांनी चष्मा सारखा करत वही ओढली.

‘शून्याला एकक कुठाय? मार्क कापतील.’

भाचीने पुढे ‘मीटर प्रति सेकंद’ लिहिलं. मी चहा टाकायला उठले.