तुघलकाबादची रेंज आणि तबकडी फोडायला शिकवणारा कोच

दिल्लीत राहत असाल तर तुघलकाबादचा चौदाव्या शतकातला पडका किल्ला तुम्ही पाहिला असेल, निदान मेट्रो स्टेशनचं नाव तरी ऐकलं असेल. त्याच भागात, अरवलीच्या खडकाळ झुडुपांमध्ये, असोला-भाटी अभयारण्याच्या शेजारी डॉ. करणी सिंग शूटिंग रेंज आहे. १९८२च्या आशियाई खेळांसाठी ती बांधली आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तिचं रूप पालटलं. ज्यांचं नाव तिला दिलंय ते बिकानेरचे महाराजा करणी सिंग पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. त्यांचा खेळ होता ट्रॅप, म्हणजे हवेत उडणारी तबकडी बंदुकीने फोडायची.

नेमबाजी म्हटलं की आपल्या मराठी डोळ्यांपुढे अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे येतात. म्हणजे रायफल आणि स्थिर लक्ष्य. तिथे श्वास रोखून पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. इथे मात्र सगळं हलतं. ११० मिलिमीटरची नारिंगी तबकडी यंत्रातून सुटते. नावात ‘क्ले’ असलं तरी ती मातीची नसते, चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पदार्थ मिसळून बनवतात. ट्रॅपमध्ये नेमबाजापासून पंधरा मीटर पुढे खंदक असतो आणि त्यात पंधरा यंत्रं. तुम्ही हाक दिली की समोरच्या तीनपैकी एकातून तबकडी निघते. कुठल्या, ते आधी कळत नाही. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन घरं असतात, एक उंच, एक बुटकं, आणि तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशीच ठेवावी लागते.

म्हणूनच जवळच्या रायफल क्लबातले सर कितीही चांगले असले, तरी हे शिकवायला शॉटगनचाच कोच लागतो. आणि असे कोच मोजक्याच ठिकाणी भेटतात: तुघलकाबाद, पतियाळा, जयपूरची जगतपुरा रेंज, भोपाळची राज्य अकादमी. पर्याय कमी असले की जो मिळेल त्याला आपण हो म्हणतो. तिथेच जरा थांबा.

माझी इंदूरची मामेबहीण सतरा वर्षांची आहे. तिला एका ठिकाणी (नाव घेत नाही) पहिल्या पाच मिनिटांत हातात बंदूक मिळाली. अर्ध्या तासात पंचवीस काडतुसं संपली आणि दोन तबकड्या फुटल्या. ‘छान, आणखी एक डबा घेऊ या?’ असं विचारण्यात आलं. घरी आली तेव्हा खांदा काळानिळा, आणि ‘मला नाही जमणार हे’ ठरवूनच आलेली. मामाचे पैसे गेले ते एक वेळ ठीक, पण तिचा उत्साह गेला होता.

दुसऱ्या कोचने पहिला पाऊण तास एकही गोळी उडवू दिली नाही. दोन्ही हातांच्या तळव्यांची छोटी खिडकी करून तिला दूरच्या खांबाकडे बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला लावला. कळलं ते असं: ती उजव्या हाताची, पण तिचा डावा डोळा वरचढ. म्हणजे बंदूक उजव्या खांद्यावर, नेम मात्र डावा डोळा धरतोय. त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला. मग बंदुकीचा दस्ता तिच्या गालाला आणि खांद्याला नीट बसतो का ते पाहिलं. खांदा काळानिळा का झाला होता, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. त्या दिवशी तिने एकूण बाराच काडतुसं वापरली.

माझ्या मते कोच पारखायची खूण हीच. तो तुमच्याकडे बघतो की तबकडीकडे? चांगला कोच तुमच्या खांद्यामागे उभा राहतो आणि पाय, कंबर, गाल, नळी यांवर लक्ष ठेवतो. तबकडी चुकली की ‘पुन्हा मार’ म्हणत नाही, ‘मागून गेली’ किंवा ‘गाल उचललास’ असं नेमकं सांगतो. छर्रे पोचेपर्यंत आडवी जाणारी तबकडी मीटरभर तरी पुढे सरकलेली असते. म्हणून जिथे ती असेल तिथे मारायचं, आणि ट्रिगर दाबल्यावरही बंदूक फिरतीच ठेवायची. हे ऐकायला सोपं आहे, पण अंगात भिनवायला कुणीतरी दर वेळी टोकावं लागतं.

सुरक्षेच्या बाबतीत मी मुळीच सूट देणार नाही. पहिल्या भेटीत पैसे न भरता बाजूला बसून नुसतं बघा. उभं राहण्याच्या जागेबाहेर प्रत्येकाची बंदूक बिजागरीतून उघडी आणि रिकामी आहे का? कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा आहे का, स्वतः कोचच्यासुद्धा? नसेल तर उठून चालू लागा. मग भिंतीवर कितीही पदकं लटकत असोत. पदक मिळवणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

विचारायचा आणखी एक प्रश्न: ‘तुमच्याकडे शिकलेली किती मुलं मावळणकर स्पर्धेपर्यंत गेली?’ राष्ट्रीय स्पर्धेआधीची ही अखिल भारतीय पात्रता स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या नावाने ती भरते, कारण १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वाढलेला हा मराठी माणूस देशभरच्या नेमबाजांच्या तोंडी रोज असतो आणि आपल्यालाच ठाऊक नसतो!

खर्चाबद्दल स्पष्ट बोला. शिकवणी, काडतुसं, तबकड्या आणि बंदुकीचं भाडं असं वेगवेगळं मागा. एका फेरीत पंचवीस तबकड्या असतात आणि ट्रॅपच्या सरावात प्रत्येकीवर दोन गोळ्या झाडता येतात, तेव्हा हिशेब भराभर वाढतो. स्वतःची बंदूक घ्यायची घाई करणारा कोच मला तरी संशयास्पद वाटतो. शॉटगनला शस्त्र परवाना लागतो, अल्पवयीनांसाठी नियम आणखी कडक आहेत, आणि दस्ता अंगाला कसा बसायला हवा हे काही महिने शिकल्याशिवाय कळतही नाही.

तुघलकाबादला जाणार असाल तर आधी फोन करून प्रवेशाचे नियम विचारा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुक्यात नारिंगी तबकडी दिसतच नाही, त्यामुळे पहिल्या धड्यासाठी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च बरा. परतताना किल्ल्यावर चक्कर मारा, पण पाण्याची बाटली न्या. वर सावली फारशी नाही.